कोरडे ऊन की दमट उकाडा : साठीनंतर कोणता उन्हाळा सोसतो?

प्रश्न : वरदाकाठ

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी मी निवृत्त होत आहे. नोकरीचा बहुतेक काळ पुण्यात गेला. आता पुणे सोडायचे हे आम्हा दोघांचे ठरले आहे, पण जायचे कुठे यावर घरात एकमत होत नाही. माझे वडिलोपार्जित घर वर्धा जिल्ह्यात आहे आणि पत्नीच्या माहेरची थोडी जागा रत्नागिरीजवळ, खाडीच्या काठी आहे. दवाखाना, नातेवाईक, येण्याजाण्याची सोय, खर्च या सगळ्यांचा विचार करून झाला आणि दोन्ही ठिकाणे जवळपास सारखीच ठरली. अडले आहे ते उन्हाळ्यावर.

माझे म्हणणे असे की वर्ध्याला पारा ४४ वर गेला तरी मी घरात बसून वाचू-लिहू शकतो, दुपारी शांत झोपू शकतो, कारण घाम अंगावर थांबत नाही. रत्नागिरीला मे महिन्यात ३३-३४ अंशच असतात, तरी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत सदरा पाठीला चिकटतो आणि दुपारच्या जेवणानंतर जागचे उठवत नाही. पत्नीचा अनुभव नेमका उलट आहे. विदर्भात गेल्यावर तिचे ओठ फुटतात, डोळ्यांची आग होते आणि एका उन्हाळ्यात तर भर दुपारी तिचा घोळणा फुटला. पण तिला सर्वांत जास्त खुपते ते हे की सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत माणूस घरात कोंडून पडतो. समुद्रकाठी घामाच्या धारा लागल्या तरी दिवसभर हिंडता-फिरता येते, असे ती म्हणते.

ज्यांनी दोन्ही प्रकारचे उन्हाळे काढले आहेत त्यांना विचारावेसे वाटते की आपली पसंती कशाला आणि कशामुळे? ही केवळ लहानपणाची सवय असते, की दोन्हींत शरीरावर खरोखर वेगळा ताण येतो? केवळ गावाच्या प्रेमापोटी नव्हे, तर कारणांसह लिहावे, ही विनंती.

उत्तर : समुद्रकाठ

वहिनींचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. मी रत्नागिरी जिल्ह्यातलाच आहे आणि नोकरीच्या निमित्ताने काही उन्हाळे चंद्रपूरला काढले आहेत.

आमच्याकडे मे महिना हा घरात बसण्याचा महिना नसतोच. झेल्याने आंबे काढायचे, ते निवडून पेट्या भरायच्या, कौले शाकारायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, आगोटीची सगळी तयारी त्याच महिन्यात करायची असते, आणि माणसे ती दिवसभर करतात. घाम येतो, पंचा पिळून पुन्हा खांद्यावर टाकायचा आणि पुढचे काम घ्यायचे. दुपारी अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुटला की पडवीत बसलेल्या माणसाला तक्रार करायला जागा उरत नाही. चंद्रपूरला मात्र दुपारी रस्ते ओस पडलेले पाहून माझा जीव घाबरा होत असे. दुचाकीवरून जाताना लागणाऱ्या झळा आणि डोक्याला, तोंडाला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा यांची मला कधीच सवय झाली नाही.

आमच्या बाजूचे वाईटही सांगायला हवे. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडचा जमिनीवरचा वारा जोर धरतो, खारा वारा दुपार टळली तरी आत येत नाही, आणि मग किनाऱ्यावरही पारा ३८-३९ पर्यंत चढतो. ते दिवस आणि पावसाआधीचे वारा पडलेले मे अखेरचे दिवस, हे दोन काळ खरोखर कठीण असतात. घामोळ्यांनी अंग भरून जाते आणि रात्री उशी ओली होते. तरीही निवड करायची झाली तर मी किनाराच निवडेन, कारण घराबाहेरचे जग दोन महिने बंद होणे मला सोसत नाही.

उत्तर : ओले फडके

प्रश्नात ‘सवय की शरीर’ असे विचारले आहे, त्यातल्या शरीराच्या बाजूविषयी थोडे सविस्तर लिहितो.

उन्हाळ्यात आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातली उष्णता हवेला देता येते. हवा त्याहून गरम झाली की तो मार्ग बंद होतो, उलट हवाच शरीराला तापवू लागते, आणि उष्णता बाहेर टाकायला एकच वाट उरते, ती म्हणजे घाम वाळणे. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम त्वचेवरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम ओघळून जमिनीवर टपकला तर शरीरातले पाणी आणि मीठ जाते, थंडावा मात्र जवळजवळ मिळत नाही.

म्हणूनच तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून आणि त्यावर वारा खेळवून जे तापमान मिळते, ते माणसाच्या दृष्टीने अधिक बोलके असते. तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, म्हणजे वर्ध्याची मे महिन्यातली दुपार, तर हे ओले तापमान सुमारे २३ अंश येते. तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के, म्हणजे रत्नागिरीची दुपार धरली, तर ते सुमारे २९ येते. साध्या पाऱ्याच्या हिशेबात वर्धा दहा अंशांनी पुढे आहे, तर घाम वाळण्याच्या हिशेबात रत्नागिरी सहा अंशांनी पुढे आहे. आपल्याला जे जाणवते त्याला असा भक्कम आधार आहे.

घरातला माठ हेच दाखवतो. वर्ध्याला माठाची बाहेरची बाजू जेमतेम ओलसर दिसते, खालची तिवई कोरडीच असते, आणि सकाळी भरलेले पाणी दुपारी दातांना झोंबेल इतके गार होते, कारण पाझरलेले पाणी लगेच उडून जाते. रत्नागिरीला तोच माठ ठेवा. खाली ठेवलेल्या ताटलीत पाणी साचते, माठ चहूबाजूंनी भिजलेला असतो, पण आतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थोडेच थंड लागते. आपली त्वचा त्या माठासारखीच वागते.

कूलरचेही तसेच. विदर्भात मार्च उलटला की कूलर उतरवून, गवत किंवा वाळ्याच्या ताट्या बदलून खिडकीला लावतात. वर दिलेल्या आकड्यांनुसार ४४ अंशांची हवा चांगल्या कूलरमधून २७-२८ अंशांची होऊन घरात येऊ शकते. किनाऱ्यावर ३४ ची हवा फार तर ३० ची होईल, तीही आणखी ओली होऊन, त्यामुळे तिथे कूलर निरुपयोगी आहे. तिथे वातानुकूलन यंत्रच लागते आणि त्याच्या विजेचा मोठा भाग हवेतली वाफ काढून टाकण्यातच खर्च होतो.

मात्र एवढ्यावरून कोरडे ऊन सुरक्षित असे कोणी समजू नये. ओले तापमान ३५ अंशांवर गेले तर सावलीत, पंख्याखाली, पुरेसे पाणी पिऊनही निरोगी माणूस काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे गणिताने मानले जात असे. अमेरिकेत २०२२ साली निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगांत दमट हवेतली मर्यादा प्रत्यक्षात ३१ च्या जवळपास निघाली, आणि अतिशय गरम कोरड्या हवेत तर ती २५ ते २८ इतकी खाली आली. याचे कारण असे की कोरड्या हवेत कितीही घाम वाळू शकतो, पण शरीर तासाभरात तयार करू शकेल अशा घामालाच मर्यादा असते. दमट हवेत हवा घाम घेत नाही आणि अतिकोरड्या आगीत शरीर तो पुरवू शकत नाही. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तशा दिवशी बाहेर राबणाऱ्या माणसाला ‘घाम वाळतो’ या गोष्टीचा फारसा दिलासा मिळत नाही.

हवामान खात्याच्या निकषांतही हा भेद दिसतो. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी कमाल तापमान निदान ४० अंश लागते, किनाऱ्यावर ३७ पुरते.

माझी स्वतःची पसंती कोरड्या उन्हाला आहे, कारण त्यावर स्वस्तात उपाय करता येतो. त्या उपायाला पाणी लागते, हे मात्र विसरता येत नाही. मोठा कूलर दिवसाकाठी शंभर लिटरच्या वर पाणी सहज उडवतो, आणि विदर्भातल्या कित्येक गावांत मे महिन्यात नळाला पाणी कधी येईल याचीच वाट पाहावी लागते.

उत्तर : आखातातून

मी बांधकामांवर कामगार-सुरक्षेचे काम पाहतो. आधी रियाधला होतो, आता दुबईत आहे. त्यामुळे दोन्ही प्रकारचे उन्हाळे मी घरात बसणाऱ्याच्या नव्हे, तर उन्हात राबणाऱ्यांच्या बाजूने पाहिले आहेत, आणि तिथे चित्र वेगळे दिसते.

रियाधला ४५ अंशांत काम करणाऱ्या माणसाचा सदरा कोरडा असतो, पण संध्याकाळी त्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले दिसतात. घाम गेल्याचे त्याला कळलेलेच नसते. तहान लागेपर्यंत थांबलेला माणूस बराच मागे पडलेला असतो, म्हणून आम्ही तिथे घड्याळ लावून पाणी पाजत असू. दुबईत ऑगस्टमध्ये दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते आणि रात्री दोन वाजताही उभ्या उभ्या घाम फुटतो. इथला कामगार लवकर थकतो, पण आपण थकलो हे त्याला समजते आणि तो स्वतःहून बसतो. कोरड्या उन्हाची भीती मला अधिक वाटते ती या फसवेपणामुळे.

दुसरीकडे, कोरड्या प्रदेशात सावली नावाची गोष्ट खरोखर उपयोगी पडते. भिंतीच्या आड गेले की निम्मा त्रास कमी होतो. किनाऱ्यावर सावलीत ऊन टळते, वाफ टळत नाही. दोन्ही देशांत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते (अमिरातीत साडेबारा ते तीन, सौदीत बारा ते तीन), आणि माझ्या पाहण्यात या विश्रांतीचा लाभ रियाधला अधिक होत असे, कारण तेवढ्या वेळात शरीर खरोखर निवते.

सवयीबद्दल आपण विचारले आहे. शरीर उन्हाला सरावते हे खरे आहे आणि त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. म्हणूनच नव्या कामगाराला पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम देऊन ते हळूहळू वाढवत न्यावे, असा दंडक आहे. पण हा सराव काही आठवड्यांत उतरतोही. लहानपणी वर्ध्याचे ऊन सोसले, ही शिदोरी पुण्यातल्या इतक्या वर्षांनंतर शरीरात शिल्लक असेल असे धरून चालू नका. मनाची सवय राहते, शरीराला दर उन्हाळ्यात नव्याने सुरुवात करावी लागते.

उत्तर : ग्रामीण दवाखाना

मी डॉक्टर आहे. पसंती सांगत नाही, साठीनंतरच्या शरीराबद्दल थोडे लिहितो.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी झपाट्याने कमी होते. या तिन्ही गोष्टी कोरड्या उन्हात अधिक महागात पडतात. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनीही कोरड्या प्रदेशात पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. वहिनींचा घोळणा फुटला तो बहुधा नाकातली त्वचा सुकून. रात्री नाकात थोडे तेल किंवा मलम लावल्याने आणि कूलरचा झोत थेट तोंडावर न घेतल्याने तो पुष्कळदा टळतो. मात्र पुन्हा फुटला तर रक्तदाब तपासून घ्यावा. दमट हवेत घामोळे, गजकर्ण, जांघेतली खाज हे त्रास चिवट असतात, आणि हृदयाचा आजार असलेल्यांना रात्रभर न निवणारी हवा अधिक जाचते.

किनाऱ्यावर पारा कमी दिसतो म्हणून उष्माघात होणार नाही, हा समज घातक आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर दुपारपर्यंत बसलेल्या गर्दीतल्या चौदा जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. तेव्हा त्या परिसरातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते.

बरळणे, गोंधळणे, अंग भट्टीसारखे तापणे ही लक्षणे दिसली तर रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये, जागीच अंग थंड करायला लागावे. विदर्भात ओली चादर आणि पंखा यांनी तापमान भराभर उतरते. किनाऱ्यावर त्याने तितके साधत नाही, तिथे अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावावा. आणखी एक गोष्ट, खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली असेल तर नुसता पंखा अंग निववत नाही, तापवतो. अशा वेळी आधी अंग ओले करावे, मग पंखा लावावा.

उत्तर : माळवद

हवेबद्दल सगळ्यांनी लिहिले, घराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी मराठवाड्यातला. आमचे जुने घर माळवदाचे आहे, भिंती हातभर जाडीच्या, वर लाकडी सर आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आई सकाळी नऊच्या आत खिडक्या-दारे लावून घ्यायची आणि दिवे लागल्यावर उघडायची. बाहेर ४२ अंश असताना आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले की गारवा जाणवे, कारण दिवसाची उष्णता भिंत ओलांडून आत येईपर्यंत रात्र झालेली असे आणि तोवर खिडक्या उघडलेल्या असत. कोरड्या प्रदेशात दिवस आणि रात्र यांत चौदा-पंधरा अंशांचा फरक पडतो, त्यावरच हे सगळे चालते.

कोकणात दिवस-रात्रीचा फरक जेमतेम सहा-सात अंशांचा, त्यामुळे तिथे घर बंद ठेवून काही मिळत नाही, वारा आरपार खेळला पाहिजे. उतरते कौल, मोकळी पडवी, समोरासमोर दारे, हे सगळे त्यासाठीच असते.

आता दोन्हीकडे सिमेंटचे सपाट स्लॅब पडले. शेजारी आमच्या चुलत्यांनी माळवद पाडून स्लॅब टाकला. दुपारी चारनंतर त्यांच्या खोल्या तापू लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी छताकडे हात केला तर धग लागते. ती मंडळी गच्चीवर झोपायला जातात. तेव्हा वरदाकाठ यांना माझा प्रश्न असा आहे की वर्ध्याचे जे घर आपल्या आठवणीत गार आहे, ते अजून तसेच आहे का?

वरदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माळवद यांच्या प्रश्नाने मी विचारात पडलो. घराचा मागचा भाग जुना, जाड मातीच्या भिंतींचा आहे, पण रस्त्याकडच्या दोन खोल्या धाकट्या भावाने मागे कधीतरी पाडून स्लॅबच्या बांधल्या, आणि राहायचे झाले तर त्याच खोल्या आमच्या वाट्याला येतील. मी तिथे दुपारी शांत झोपतो असे लिहिले, ते मागच्या भागात झोपतो.

पत्नीने सर्व उत्तरे वाचली. तिचे म्हणणे असे की आजवर ती वर्ध्याला नेहमी आठवड्याभरासाठीच आली आणि शरीराला सराव व्हायच्या आत परतली, तर मीही रत्नागिरीला तसाच पाहुण्यासारखा गेलो. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही ठिकाणी निदान तीन आठवडे सलग राहून पाहावे, असे आम्ही बोलत आहोत. कोणता काळ निवडावा?

ओले फडके

वर्ध्याला २५ मेपासून राहा आणि पाऊस येईपर्यंत हलू नका. नवतप्यातला कडक उन्हाळा आपल्याला ओळखीचा आहे, पण खरी परीक्षा त्यानंतर आहे. जूनमध्ये अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून वाफ येऊ लागते, पारा अजून ३८-४० वरच असतो, आणि तोवर उत्तम चाललेला कूलर एकाएकी घर ओले करू लागतो. विदर्भातला माणूस वर्षभरात सर्वांत जास्त वैतागतो तो त्या दहा-पंधरा दिवसांत. म्हणजे दमट उकाडा तिथेही पूर्णपणे चुकत नाही, फक्त तो थोडे दिवस असतो.

समुद्रकाठ

आणि रत्नागिरीला एप्रिलच्या अखेरीस या, मेच्या मध्यापर्यंत राहा. नुसते येऊ नका, वहिनींच्या जागेवर सकाळी, दुपारी दोनला आणि रात्री दहाला उभे राहून वारा कोणत्या बाजूने येतो ते पाहा. खाडीकाठच्या जागा दिसायला सारख्या असल्या तरी मध्ये एखादी टेकडी आली की खारा वारा अडतो आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आवारातले पान हलत नाही. पश्चिम मोकळी असेल तर घराची पडवी त्या बाजूला धरावी, भिंती चिऱ्याच्या आणि वर कौल, एवढे केले तर वरदाकाठांनाही दुपारी वाचायला बसता येईल. पश्चिमेला डोंगर आडवा असेल तर मात्र मी स्वतः किनाऱ्याचा असूनही सांगेन की तिथे घर बांधू नका, वर्ध्याच्या जुन्या खोल्या भावाकडून मागून घ्या.